मोठ्या वयाचा कुत्रा घरात जागोजागी मार्किंग करतोय, काय करावं?

सोनचाफा

वाईजवळच्या गावी माझ्या मामांनी पाळलेला भुऱ्या आता पुण्यात आमच्याकडे आलाय. मामा वारले, मामी मुलाकडे बेंगळुरूला गेल्या. भुऱ्याला गावात कुणाच्या तरी भरवशावर सोडून यायला मन धजावलं नाही. गावठी आहे, नर, साधारण पाच वर्षांचा, नसबंदी झालेली नाही. आजवरचं सगळं आयुष्य अंगणात आणि शेतात गेलं, आणि आता एकदम दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

स्वभावाने फार गुणी आहे. भुंकतो तेही कामापुरतं, रात्री माझ्या मुलीच्या पायाशी झोपतो. पण घरात तंगडी वर करून वस्तूंवर थोडी थोडी लघवी करतो, म्हणजे मार्किंग. सोफ्याचा पाय, चपलांचं कपाट, गॅसचा सिलिंडर, पडद्याचं टोक. पाहुण्यांनी दाराशी पिशवी ठेवली की तिच्यावर हमखास. मागच्या आठवड्यात देवघराच्या कोपऱ्याला केलं आणि सासूबाईंचा धीर सुटला. त्यांचं सोवळंओवळं बरंच असतं, तरी भुऱ्या आल्यापासून त्यांनी खूप चालवून घेतलंय. आता मात्र त्या म्हणतात की त्याला परत गावी पाठवा.

सकाळ-संध्याकाळ खाली फिरवतो. तिथे झाडाझाडाला करतो, आणि वर आल्यावर थोड्याच वेळात पुन्हा सोफ्याला. लादी रोज फिनेलने पुसली जाते. घरातले रागावले की कान पाडून बसतो, पण मग कुणी बघत नसताना करतो. एवढ्या मोठ्या वयाचा कुत्रा शिकेल का? मला त्याला परत पाठवायचं नाहीये.

पायवाट

शिकेल. गेली बरीच वर्षं आम्ही घरी रस्त्यावरची आणि सोडून दिलेली कुत्री तात्पुरती सांभाळतो, कायमचं घर मिळेपर्यंत. त्यातली बहुतेक मोठीच असतात. पिल्लांपेक्षा मोठ्यांचं एक बरं असतं, मूत्राशयावर ताबा आलेला असतो. फक्त कुठे करायचं आणि कुठे नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी थोडी माहिती द्या. एका वेळी किती करतो, थोडीशी पिचकारी की मोठं थारोळं? कायम उभ्या वस्तूंवरच की मधोमध लादीवरही? झोपेत गळते का? पाणी एकदम जास्त प्यायला लागलाय का? आणि घराच्या खिडकीतून किंवा ग्यालरीतून त्याला खालची कुत्री दिसतात का?

सोनचाफा

थोडीशीच, चमचा-दोन चमचे. बहुतेक उभ्या वस्तूंवर. झोपेत नाही. मात्र अलीकडे एक-दोनदा पहाटे दाराशी मोठं थारोळं सापडलं. करताना कधी कधी बराच वेळ तंगडी वर धरून उभा राहतो आणि थेंब थेंब येते. पाणी जास्त पितो की नाही हे सांगता येणार नाही, बादलीतूनही पितो. ग्यालरीतून खालची चार कुत्री रोज दिसतात आणि त्यांच्याकडे बघून याचं घुरघुरणं चालू असतं.

माळरान

मी पशुवैद्यक आहे, आता निवृत्त. तुमच्या वर्णनातलं 'बराच वेळ उभा राहतो आणि थेंब थेंब येते' हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. शिकवणं पुढच्या आठवड्यात सुरू करा, आधी तपासणी.

नसबंदी न झालेल्या नरांमध्ये पाच-सहा वर्षांनंतर प्रोस्टेट (मूत्राशयाजवळची ग्रंथी) वाढणं अगदी नेहमीचं आहे. लघवीला जोर लावावा लागतो, कधी रक्ताचे थेंब दिसतात, शी चपटी होते. दुसरी शक्यता मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, तिसरी मुतखडा. ज्या कुत्र्याला दर तासाला कळ येते त्याला तुम्ही कितीही शिकवलंत तरी तो घरात करणारच, कारण त्याच्या हातात काही नसतं. मधुमेह, किडनीचे विकार आणि स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही लघवीचं प्रमाण वाढतं, म्हणून बादली बंद करा. मोजून पाणी भरलेलं एकच भांडं ठेवा आणि दिवसाकाठी किती संपतं ते बघा. किलोमागे शंभर मिलिलिटरच्या वर जात असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि एक तातडीचं. नर कुत्रा सारखा जोर लावतोय आणि लघवी अजिबात येत नाही असं दिसलं, तर सकाळ होण्याची वाट बघू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या. खडा मार्गात अडकलेला असू शकतो आणि त्यात जीव जातो.

नमुना घेणं सोपं आहे. सकाळची पहिली लघवी हवी. लांब दांड्याचा जुना डाव उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवून घ्या. भुऱ्याने तंगडी वर केली की पहिली धार जाऊ द्या आणि मग डाव बाजूने हळूच खाली सरकवा. समोरून वाकलात तर तो बिचकून थांबेल. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओतून एक-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. हातमोजे घाला. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, माणसांनाही होणारा जिवाणूंचा आजार) धोका असतो आणि तो बाधित जनावराच्या लघवीतून पसरतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, भुऱ्याला कधी दिली होती का तेही मामींना विचारून घ्या.

रणशिंग

एवढं दवाखान्यात पळायची गरज नाही. गावठी कुत्रा आहे, वचक बसला की सुधारतो. केलं तिथे नेऊन नाक घासायचं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक द्यायची. आमच्याकडे सगळी कुत्री अशीच शिकली. घरात मालक कोण हे त्याला कळलं पाहिजे.

पायवाट

@रणशिंग, तुमचा अनुभव नाकारत नाही, पण भुऱ्याच्या बाबतीत याचा परिणाम समोर दिसतोय. सोनचाफा यांनी लिहिलंय की रागावल्यापासून तो कुणी बघत नसताना करतो. म्हणजे शिक्षेतून तो एवढंच शिकला की माणसांसमोर करणं धोक्याचं आहे. असा कुत्रा पुढे खाली फिरायला नेल्यावरही पट्टा धरणाऱ्यासमोर करत नाही, तासभर फिरून वर येतो आणि पलंगामागे जाऊन मोकळा होतो. असे कुत्रे मी सांभाळलेत. त्यांचा विश्वास परत मिळवायला मूळ सवय सोडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

केल्यानंतर दहा मिनिटांनी नाक घासलं तर त्याला आधीच्या कृतीशी त्याचा संबंध लावता येत नाही. कान पाडतो ते आपला चढलेला आवाज ऐकून.

आणि मालकीहक्काचं म्हणाल, तर मार्किंग बहुतेक वेळा अस्वस्थतेतून येतं. भुऱ्याचा माणूस गेला, अंगण गेलं, ओळखीचे सगळे वास गेले. नव्या जागेत स्वतःचा वास लावल्याने त्याला थोडं सुरक्षित वाटतं. तो तुमच्यावर कुरघोडी करत नाहीये.

माळरान

अनुमोदन. आणि जोर लावून थेंब थेंब करणाऱ्या कुत्र्याला मारू तर अजिबात नका.

कडुनिंब

साफसफाईबद्दल लिहिते, कारण फिनेलचा उल्लेख वाचला. घरात कुत्री-मांजरं असतील तर काळं फिनेल पूर्ण बंद करा. त्यातल्या फिनॉलने त्यांच्या पंजांना जळजळ होते आणि पंजे चाटल्यावर ते पोटात जातं, मांजरांना तर ते विषच. शिवाय त्या उग्र वासाने फक्त आपल्या नाकाची फसवणूक होते, कुत्र्याला खालचा लघवीचा वास येतच राहतो. अमोनिया असलेली काच पुसायची द्रव्यंही नकोत, लघवीतही अमोनिया असतो. आणि ब्लीच ओल्या लघवीवर टाकू नका, त्यातून घशाला लागणारा विषारी वायू तयार होतो.

चालतं ते एन्झाइमवालं क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. मात्र ते फवारून लगेच पुसायचं नसतं. आधी टिपकागदाने लघवी दाबून शोषून घ्या, मग डाग पूर्ण भिजेल एवढं क्लीनर ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ओलं राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. आधी तिथे फिनेल किंवा जंतुनाशक मारलेलं असेल तर नुसत्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या, नाहीतर एन्झाइम काम करत नाहीत.

डाग शोधायला जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च घ्या. रात्री दिवे बंद करून जमिनीलगत फिरवली की वाळलेले डाग फिकट पिवळसर चमकतात. आमच्याकडे सोफा सरकवला तेव्हा दोन लाद्यांमधल्या सांध्यात चांगली हातभर रेघ चमकली होती. लादीवरून लघवी पुसली जाते पण सांध्यातलं सिमेंट ती पिऊन घेतं. प्लायच्या फर्निचरची खालची कडही तशीच, फुगलेली दिसली तर समजा की आत मुरलंय. ती वाळवून, साफ करून वर पॉलिश किंवा रंग मारून बंद करावी लागते.

सोनचाफा, तुमची लादी कुठली आहे? मार्बल, कोटा किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर वापरू नका, आम्लाने दगड खाल्ला जातो. व्हिट्रिफाइडवर पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं.

आमसूल

@कडुनिंब, आम्ही घरी संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम करतो, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवून. ते चालेल का?

कडुनिंब

रोजची लादी पुसायला छान आहे, मीही करते. पण लघवीचे डाग काढायला जे विकत मिळतं ते वेगळं, त्यात लघवी खाणारे जिवाणू किंवा नेमके एन्झाइम घातलेले असतात. सालींचं पाणी मुख्यतः आंबट असतं, त्यामुळे तेही मार्बलवर नको.

पायवाट

आता शिकवण्याबद्दल सविस्तर. सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होत असेल तर तो याचा, की घरात तंगडी वर करायची संधीच मिळू द्यायची नाही. प्रत्येक वेळी जमून गेलं की सवय घट्ट होते आणि ताजा वास पडला की पुढच्या वेळचं आमंत्रण तयार होतं.

म्हणून पहिले काही आठवडे भुऱ्या घरात मोकळा नको. तुम्ही जागे असताना त्याचा पट्टा तुमच्या कमरेला. स्वयंपाक करताना, फोनवर बोलताना, टीव्ही बघताना तो तुमच्याजवळ. ऐकायला त्रासाचं वाटतं, पण याने दोन गोष्टी साधतात. तो दिसेनासा होत नाही, आणि तंगडी वर व्हायच्या आधीची त्याची हालचाल तुम्हाला वाचता यायला लागते. बहुतेक नर आधी एका ठिकाणी नाक लावून खोल हुंगतात, मग अंग वळवून त्या वस्तूला समांतर उभे राहतात आणि वजन तीन पायांवर टाकतात. हुंगणं सुरू झालं की शांतपणे नाव घेऊन बोलवा, पट्टा हलका ओढा आणि सरळ खाली न्या. ओरडायचं नाही, फक्त थांबवायचं. लक्ष देता येणार नसेल तेव्हा एका छोट्या जागेत अंथरूण, पाणी आणि चघळायला काहीतरी देऊन ठेवा. दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावलं तर तो तुम्हाला बघू शकतो आणि रडत नाही.

दोन वेळा फिरवणं त्याला पुरणार नाही. सकाळी उठल्याबरोबर, जेवणानंतर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी. सगळ्या फेऱ्या मोठ्या नकोत, पण एक तरी भरपूर हुंगायला देणारी हवी. पट्टा सैल सोडा, त्याला हवं तिथे नाक लावू द्या. गावठी कुत्र्याचं डोकं हुंगण्याने जितकं दमतं तितकं नुसत्या चालण्याने दमत नाही. खाली केल्या केल्या, तिथेच, लगेच तोंडात खाऊ. उकडलेल्या चिकनचा तुकडा, पनीर, जे आवडेल ते. वर आल्यावर दिलेला खाऊ त्याला वर येण्याबद्दलचं बक्षीस वाटतो. आणि झाल्या झाल्या त्याला वर आणू नका, थोडं फिरू द्या, नाहीतर तो हुशारीने लांबवायला शिकतो.

ग्यालरीच्या काचेला खालून दोन-तीन फूट दुधी कागद चिकटवा. खालची चौकडी दिसेनाशी झाली की निम्मं घुरघुरणं जाईल आणि त्यापाठोपाठचं मार्किंगही कमी होईल. पाहुण्यांच्या पिशव्या आणि चपला आल्या आल्या उंच ठेवा, त्यांना दुसऱ्या घरांचे वास असतात. त्याच्या आवडीच्या जागा धुऊन झाल्यावर तिथे त्याचं जेवणाचं भांडं किंवा अंथरूण ठेवून बघा, जिथे जेवतात-झोपतात तिथे बहुतेक कुत्री करत नाहीत.

देवघराचं वेगळं लिहिते. तिथे कायमचं फाटक लावा, भुऱ्या सुधारला तरी. सासूबाईंना ती एक जागा शंभर टक्के त्यांची आहे ही खात्री मिळाली तर बाकी सगळं त्या सोसतील असं मला मनापासून वाटतं. या प्रकरणात कुत्र्याइतकंच घरच्यांनाही सांभाळावं लागतं. कुत्री परत पाठवली जातात ती बहुतेक वेळा घरातलं माणूस दमून गेल्यामुळे.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या बीगलला पोटपट्टा लावायचो, इकडे सर्रास मिळतो. कमरेभोवती गुंडाळायचा कापडी पट्टा, आत सॅनिटरी पॅड. तंगडी वर केली तरी सोफा कोरडा राहतो. तो पडद्यांचं रक्षण करतो, कुत्र्याला शिकवत नाही. दर दोन-तीन तासांनी काढून बघायचा, ओला असेल तर लगेच बदलायचा, नाहीतर कातडी लाल होऊन पुरळ येतं. रात्रभर लावून ठेवू नये.

आमसूल

तो घरी शिवताही येतो. जुन्या सुती साडीचे चार पदर आणि वेल्क्रो. कोकणातल्या दमट हवेत विकतच्या जाड पट्ट्यापेक्षा हाच बरा.

पावसाचंही कुणीतरी लिहायला हवं. आमचा दांडगा गडी एरवी शहाणा, पण जूनमध्ये पहिली झड लागली की दाराबाहेर पाऊल टाकत नाही आणि दिवसभर धरून ठेवून शेवटी खांबाला मोकळा होतो. यावर आम्ही पडवीच्या कडेला पत्र्याखाली मातीचं मोठं घमेलं ठेवलंय, त्यात माती, थोडं गवत आणि मधे उभा रोवलेला लाकडाचा ओंडका. त्याच्या लघवीने भिजलेला कागद एकदा त्या ओंडक्याला पुसला, तेवढ्याने त्याला कळलं. फ्लॅटवाल्यांनी पार्किंगमधला छपराखालचा एखादा कोपरा पावसाआधीच सवयीचा करून ठेवावा, आणि नंतर पाणी ओतावं.

पायवाट

ओंडक्याची युक्ती उत्तम. पार्किंगमध्ये मात्र गाड्यांच्या टायरपासून लांब ठेवा, सोसायटीतली निम्मी भांडणं टायरवरून होतात. लिफ्टमध्येही त्याला मध्यभागी, तुमच्या पायांशी बसवून न्या. भिंतीला लागून उभा राहिला की आधीच्या कुत्र्याचा वास येणारच. लिफ्टवरून कमिटीतल्या कुणी अडवलं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, सोसायटीला पाळीव कुत्र्यांना बंदी करता येत नाही. पण आपल्या कुत्र्याने केलेलं आपण लगेच साफ करणं हेही तितकंच आपलं काम.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी झाली. लघवीत संसर्ग निघाला आणि सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं दिसलं. अँटिबायोटिक सुरू केलंय, संसर्ग आटोक्यात आला की नसबंदी करायची असं डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या यजमानांच्या मनात शंका आहे की एवढ्या वयात ऑपरेशन झेपेल का, आणि स्वभाव बदलून मलूल होईल का. @माळरान, तुमचं मत हवं होतं.

माळरान

पाच वर्षं हे काही म्हातारपण नव्हे. रक्ततपासणी ठीक असेल तर निरोगी कुत्र्याला हे ऑपरेशन व्यवस्थित झेपतं. त्याला आत्ता मार्किंगपेक्षा प्रोस्टेटसाठी त्याची जास्त गरज आहे. वाढलेलं प्रोस्टेट नसबंदीनंतर काही आठवड्यांत आकसतं आणि त्यावरचा तोच सगळ्यात खात्रीचा इलाज आहे.

मार्किंगबाबत अपेक्षा बेताची ठेवा. १९९७ साली अमेरिकेत मोठ्या वयाच्या नरांवर झालेल्या एका अभ्यासात मार्किंग, बाहेर पळणं आणि इतरांवर चढणं या तीन सवयी साधारण ६० टक्के कुत्र्यांत निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटल्या होत्या. जवळजवळ बंद झाल्या त्या फक्त पंचवीस ते चाळीस टक्क्यांत. ऑपरेशनच्या वेळचं वय किंवा सवय किती जुनी यावर परिणाम अवलंबून नव्हता, ही तुमच्यासाठी चांगली बातमी. रस्त्यावर बघा ना, कानाला खाच असलेले, म्हणजे नसबंदी झालेले नरही खांबाला तंगडी वर करतातच. संप्रेरक लवकर उतरतं, सवय मागे राहते. ती पायवाट यांनी लिहिलेल्या मार्गानेच जाते.

मलूल वगैरे होत नाही. भूक वाढते आणि हालचाल थोडी कमी होते, म्हणून खाणं मोजून द्या. ऑपरेशननंतर महिनाभर माद्यांपासून लांब ठेवा, तेवढे दिवस गर्भ राहू शकतो.

सोनचाफा

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी विचारपूस केली. ऑपरेशन नीट झालं. अँटिबायोटिकने थेंब थेंब आधीच थांबलं होतं आणि दाराशी पहाटेचं थारोळंही. सिलिंडर, पडदा, चपलांचं कपाट हे सगळं सुटलंय. पट्टा कमरेला बांधण्याचा उपाय फार कामाला आला, मुलीने अभ्यास करताना ती जबाबदारी स्वतःहून घेतली. नाक लावून खोल हुंगणं आता आम्हाला सगळ्यांना ओळखता येतं. सासूबाई स्वयंपाकघरातून आवाज देतात, "अगं, हुंगतोय बघ!"

देवघराला सुताराकडून सागवानी फाटक करून घेतलं. ते लागल्यापासून घरातला ताण खरोखर उतरला. परत पाठवायचा विषय कुणी काढत नाही.

एकच गोष्ट राहिलीय. दीर सुट्टीला आले की त्यांच्या बॅगेवर अजूनही करतो. त्यांच्याकडे लॅब्रॅडोर आहे.

पायवाट

फार बरं वाटलं वाचून. बॅगेचं साहजिक आहे, त्यावर दुसऱ्या नराचा वास असतो. दीर येणार असतील तेव्हा आधी भुऱ्याला खाली न्या, त्यांना तिथेच भेटू दे, आणि बॅग थेट माळ्यावर किंवा बंद कपाटात. ते असेपर्यंत पट्टा पुन्हा कमरेला. दिवाळीत फटाक्यांनी बिचकला तर तेव्हाही थोडं मागे जाईल. पुन्हा तेच काही दिवस करायचं, या वेळी लवकर सुधारेल.

निळीशाई

याच धाग्यात विचारते. आमची स्पिट्झ मादी आहे, आठ वर्षांची, नसबंदी झालेली. ती झोपून उठली की अंथरूण ओलं असतं. तंगडी वगैरे वर करत नाही. हेही मार्किंगच का?

माळरान

नाही. माद्याही मार्किंग करतात, विशेषतः माजावर असताना, पण ती जागेपणी आणि ठरवून. झोपेत गळणं हे मूत्रमार्गाचा स्नायू सैल झाल्याचं लक्षण, नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मधल्या वयानंतर बऱ्याचदा दिसतं. तिला तर कळतही नसतं, त्यामुळे रागावू नका आणि पाणी तोडू नका. लघवी तपासून संसर्ग नाही याची खात्री करून घ्या, त्यानंतर यावर गोळ्या आहेत आणि बहुतेकींना चांगला गुण येतो. तोवर अंथरुणावर मेणकापड आणि वर सुती चादर घाला, रोज बदला, आणि मागचा भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा ठेवा.

निळीशाई

उद्याच नमुना घेते. मादी खाली बसून करते, तर डाव चालेल की दुसरं काही?

माळरान

उथळ ताटली बरी पडेल. ती बसली की मागून सरकवा.